मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याहून आपले आई-वडील येत्या जानेवारीत पहिल्यांदाच अमेरिकेला, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या आपल्या बहिणीकडे निघाले आहेत. अंतर काढून देणाऱ्या एका संकेतस्थळाने मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५३० किलोमीटर आणि 'अंदाजे १४ तास' असे सांगितले. थेट विमानाच्या तिकिटावर जातानाचे १६ तास आणि येतानाचे साडेचौदा तास लिहिले आहेत, तर आखातात थांबून जाणाऱ्या स्वस्त तिकिटावर २२ तास. वडील विचारतात की अंतर तेच असेल तर दीड तास जातो कुठे, भाच्याने पृथ्वी फिरते म्हणून असे होते असे उत्तर देऊन टाकले आहे, आणि आपल्याला ठरवायचे आहे की कोणता आकडा खरा धरून पुढचे सगळे आखायचे.

मी बावीस वर्षे फ्लाइट डिस्पॅच विभागात काम केले. म्हणजे विमान निघण्यापूर्वी त्याचा मार्ग, उंची, इंधन आणि वेळ यांचा आराखडा करून तो वैमानिकापुढे ठेवायचा आणि त्यावर त्याच्यासोबत स्वतःचीही सही करायची. त्या अनुभवावरून सांगतो की तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ते तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, एवढेच. आपल्याला अंतर जाणून घेण्याची फारशी गरजही नाही. सत्तरीच्या आसपासच्या दोन माणसांना घरापासून घरापर्यंत किती तास लागतील आणि त्यांतले किती तास आपल्या हातातले आहेत, हा आपला खरा प्रश्न आहे. तरीही अंतरापासूनच सुरुवात करू, कारण गोंधळाचे मूळ तिथे आहे.

संकेतस्थळाने दिलेला आकडा हा पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन बिंदूंमधल्या सर्वांत जवळच्या रेषेचा आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती अरबस्तान आणि सहारा ओलांडून अटलांटिकमध्ये उतरते, आणि त्या रेघेची प्रत्यक्ष लांबी १४,२०० किलोमीटरच्या घरात जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरलात तर तो भलतीकडेच जातो. मुंबईहून तो पश्चिमेला जातच नाही, जवळजवळ उत्तरेला निघतो. कंदाहारच्या परिसरावरून तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानचा पश्चिम भाग ओलांडतो, मॉस्कोच्या डोक्यावर येतो, हेलसिंकीजवळून स्वीडनमध्ये शिरतो, आइसलंडच्या रेक्याविकला जवळजवळ स्पर्श करतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला वळसा घालून कॅनडाच्या लाब्राडोरवर उतरतो आणि मग वरून खाली न्यूयॉर्ककडे येतो. घरी पृथ्वीगोल असेल तर वडिलांना हा प्रयोग अवश्य करून दाखवा. विमानातल्या पडद्यावर आपले विमान बर्फाच्या प्रदेशावरून चाललेले पाहून रस्ता चुकल्याची शंका घेणारे प्रवासी मी अनेक पाहिले आहेत.

हा दोरा म्हणजे १२,५३० किलोमीटर. मोठे जेट विमान त्या उंचीवर ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने उडते, त्यामुळे भागाकार केला की १३ तास ५५ मिनिटे येतात. अशी संकेतस्थळे ठरावीक सरासरी वेगाने अंतराला भागतात, फार तर उड्डाण आणि उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवतात. वारा नसलेल्या, सीमा नसलेल्या आणि विमानतळावर रांग नसलेल्या जगात त्यांचे उत्तर अगदी अचूक ठरले असते.

आता हे १३ तास ५५ मिनिटे तिकिटावरच्या १६ तासांपर्यंत कसे पोचतात, ते आमच्या टेबलावर बसून जसे बघतो तसे बघू. विमानाचा ताशी ९०० किलोमीटर हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो, जमिनीच्या तुलनेतला नसतो. नदीत होडी वल्हवताना जो फरक पडतो तोच इथे आहे, फक्त ही नदी दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून वाहते. मध्य आणि उत्तर अक्षांशांवर, विमाने उडतात नेमक्या त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोरकस होतात आणि त्यांच्या गाभ्यात ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेग सापडणे यात आम्हाला काहीच नवल वाटत नाही. संपूर्ण मार्गाची सरासरी काढली, तर अर्थातच आकडा बराच खाली येतो. समजा जाताना सरासरी ताशी ४५ किलोमीटर वारा समोरून आला, तर जमिनीवरचा वेग ८५५ उरतो आणि प्रवास सुमारे ४५ मिनिटांनी लांबतो. येताना तोच वारा पाठीशी असेल, तर वेग ९४५ होतो आणि ४० मिनिटे वाचतात. वडिलांचा हरवलेला दीड तास तो हाच. जानेवारीत हा फरक याहूनही मोठा होऊ शकतो.

जेट स्ट्रीम पाठीशी असला तर काय होते, याचा लक्षात राहणारा दाखला ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्रीचा आहे. अटलांटिकवर कियारा नावाचे वादळ घोंघावत असताना ब्रिटिश एअरवेजचे एक ७४७ विमान न्यूयॉर्कहून निघून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचले. एरवी त्याच प्रवासाला साडेसहा तासांच्या आसपास लागतात.

भाच्याच्या उत्तराबद्दल दोन शब्द लिहितो, कारण ही समजूत फार पसरलेली आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते हे खरे, पण तिच्याबरोबर वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच तरंगत असते, त्यामुळे खालची जमीन सरकून मुक्काम जवळ किंवा दूर होत नाही. तसे होत असते तर हेलिकॉप्टर ठाण्यात हवेत स्थिर उभे करून तासाभराने अरबी समुद्रावर उतरवता आले असते. मात्र त्याचे उत्तर पूर्णपणे टाकाऊही नाही. विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे निघालेली उबदार हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळेच वळते आणि तिच्यातून हे पश्चिमी वारे तयार होतात. म्हणजे कारण पृथ्वीचे फिरणेच, पण वाऱ्याच्या मध्यस्थीने.

दुसरी भर सरळ रेषा सोडावी लागण्याची. वर सांगितलेला दोरा ज्या देशांवरून जातो त्यांची यादी पुन्हा एकदा नजरेखालून घाला. अफगाणिस्तानच्या हवाई क्षेत्रात ऑगस्ट २०२१ पासून नेहमीसारखे हवाई वाहतूक नियंत्रण राहिले नाही. मार्च २०२२ पासून अमेरिकी विमान कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले हवाई क्षेत्र बंद केले, त्यानंतर भारतानेही पाकिस्तानी विमानांबाबत तेच केले, आणि ही बंदी नंतर महिन्यामहिन्याने वाढत राहिली. यातला गमतीचा म्हणावा की खेदाचा, असा भाग हा की या बंद्या बहुधा सर्वांना सारख्या नसतात. एकाच रात्री मुंबईहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या दोन विमानांपैकी एकाच्या शेपटीवर एका देशाची नोंदणी असेल आणि दुसऱ्याच्या दुसऱ्या देशाची, तर दोघांचे मार्ग, अंतर आणि वेळ वेगवेगळे असू शकतात. म्हणून 'मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती' या प्रश्नाला आमच्या विभागात कोणी आकडा सांगत नाही. तो उलट विचारतो: कुठले विमान आणि कुठल्या दिवशी?

तरी मुंबईकरांचे एका बाबतीत नशीब बरे आहे. मुंबईहून समुद्रावर निघून मस्कतजवळून इस्तंबूलकडे आणि तिथून न्यूयॉर्ककडे असा मार्ग धरला, तर बेरीज १२,९८० किलोमीटरच्या आसपास येते. म्हणजे सरळ रेषेपेक्षा साधारण ४५० किलोमीटर, किंवा अर्धा तास जास्त. तोही पट्टा अशांत असेल आणि आणखी दक्षिणेला, सौदी अरेबिया आणि कैरोवरून जावे लागले, तर अंतर १३,३५० च्या पुढे जाते आणि जवळजवळ तासभर वाढतो. दिल्लीहून निघणाऱ्या विमानाला पश्चिमेकडे जाण्यासाठी आधी गुजरातकडे खाली उतरून मग समुद्र गाठावा लागतो, त्यामुळे पाकिस्तानच्या बंदीचा फटका त्याला आपल्यापेक्षा बराच मोठा बसतो. २७ फेब्रुवारी २०१९ ते १६ जुलै २०१९ या काळातही असेच झाले होते आणि तेव्हा आमच्या विभागात रोज रात्री मार्गांची नवी जुळवाजुळव चालत असे. जून २०२५ मध्ये इराण आणि इराकचे आकाश अचानक बंद झाले, तेव्हा काही विमानांना अर्ध्या वाटेवरून परत फिरावे लागले. अशा घटनांचा अंदाज तिकीट काढताना कोणालाच करता येत नाही.

उरलेली भर जमिनीवरची. तिकिटावरच्या वेळेला आमच्या भाषेत ब्लॉक टाइम म्हणतात. विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढले की तो सुरू होतो आणि मुक्कामी ठोकळे पुन्हा लावले की संपतो. म्हणजे मुंबईत धावपट्टीकडे जाणे, तिथे रांगेत उभे राहणे, वर चढताना आणि खाली उतरताना कमी वेगाने जाणे, आणि न्यूयॉर्कला उतरून गेटपर्यंत पोचणे हे सगळे त्यात आले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच पूर्ण क्षमतेने वापरता येते. आणि न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ इतका पसरलेला आहे की उतरल्यावर वीस मिनिटे विमान नुसते जमिनीवरच चालत राहिले, तरी प्रवाशांनी अस्वस्थ होऊ नये. या सगळ्याला चाळीस मिनिटे धरा.

आता बेरीज करा. १३ तास ५५ मिनिटे, अधिक वाऱ्याची ४५, अधिक वळशाची ३०, अधिक जमिनीवरची ४०: एकूण १५ तास ५० मिनिटे. येताना वाऱ्याची ४० मिनिटे वजा करून बाकीचे तसेच ठेवले, तर १४ तास २५ मिनिटे. तिकिटावरचे १६ आणि साडेचौदा कुठून आले, ते आता वडिलांना कागदावर मांडून दाखवता येईल. माझे आकडे अर्थात गोल केलेले आहेत, आणि एखाद्या विशिष्ट रात्री यातला कोणताही हिशेब पाऊण तासाने इकडेतिकडे होतो. विमान कंपन्याही मागच्या वर्षांच्या प्रत्यक्ष उड्डाणांवरून, बहुतेक विमाने वेळेत पोचावीत अशा बेताने ही वेळ ठरवतात, आणि मार्चअखेरीला व ऑक्टोबरअखेरीला जेव्हा उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक बदलते, तेव्हा ती पुन्हा तपासतात.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती बाहेरच्या माणसाला सहसा पटत नाही: सर्वांत कमी अंतराचा मार्ग हा सर्वांत कमी वेळाचा असेलच असे नाही. रात्रपाळीला आमच्यासमोर लंडन आणि वॉशिंग्टन येथील जागतिक हवामान केंद्रांचे वाऱ्यांचे अंदाज असत, ते दर सहा तासांनी नवे येतात. जानेवारीतल्या एखाद्या रात्री संगणक दोन मार्ग पुढे करी. समजा पहिला १३,००० किलोमीटरचा, सरासरी ६० किलोमीटर समोरच्या वाऱ्याचा, आणि दुसरा १३,२५० किलोमीटरचा, पण वारा केवळ ३० चा. पहिल्याला १५ तास २९ मिनिटे लागतात आणि दुसऱ्याला १५ तास १४ मिनिटे. अडीचशे किलोमीटर जास्त उडून विमान पंधरा मिनिटे आधी पोचते आणि टनभराहून अधिक इंधन वाचते. म्हणूनच आमच्या आराखड्यावर अंतराचे दोन रकाने असतात: एक जमिनीवरचे अंतर आणि दुसरे हवेतले, म्हणजे वाऱ्याचा हिशेब धरून विमान हवेतून प्रत्यक्ष किती कापणार ते. निर्णय दुसऱ्या रकान्यावरून होतो. कागदांची ती चळत घेऊन वैमानिक समोर बसला की त्याचे बोट आधी वाऱ्याच्या आकड्यांवरून फिरते, मग इंधनावर थांबते. एकूण किलोमीटर किती, असे मला एकाही कॅप्टनने कधी विचारलेले आठवत नाही.

'उशीर झाला आहे तर वैमानिक वेग वाढवत का नाही?' हाही प्रश्न पुढे येईलच. वाढवतो, पण त्याच्याकडे वाव फार थोडा असतो. ध्वनीच्या वेगाच्या ८४ टक्क्यांऐवजी ८६ टक्के वेगाने सगळा मार्ग उडवला, तर या प्रवासात वीस मिनिटांच्या आसपास वाचतात, आणि त्यासाठी जळणारे जादा इंधन त्या वीस मिनिटांच्या मानाने महाग पडते. बोइंग ७७७-३००ईआर जातीचे विमान जास्तीत जास्त साडेतीनशे टन वजनाने उडू शकते. अशा लांबच्या प्रवासात त्यातला तिसरा हिस्सा नुसते इंधन असू शकते, त्यामुळे सुरुवातीला ते इतके जड असते की एकदम वरच्या उंचीवर जाऊही शकत नाही, आणि इंधन जळून हलके होईल तसे टप्प्याटप्प्याने वर चढते.

आता घड्याळाचा घोटाळा. तिकिटावर निघण्याची आणि पोचण्याची वेळ नेहमी त्या त्या गावची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क मुंबईपेक्षा साडेदहा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळे तासभर पुढे सरकतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेनऊ तासांचा राहतो. समजा जानेवारीत विमान रात्री २ वाजता मुंबईहून निघाले आणि त्याच दिवशी सकाळी ७:३० ला न्यूयॉर्कला पोचले. वरवर साडेपाच तास दिसतात, त्यात साडेदहा मिळवा म्हणजे सोळा. येताना दुपारी १२:३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १:३० ला मुंबई, म्हणजे वरवरचे पंचवीस तास, त्यातून साडेदहा वजा, राहिले साडेचौदा. एका बारीक गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. रात्री २ चे विमान १५ तारखेचे असेल, तर घरून १४ तारखेला रात्रीच निघायचे असते. ही चूक आपल्यासारख्या चाणाक्ष माणसाकडून होणार नाही असे मी म्हणणार नाही, कारण ती माझ्या सख्ख्या मेहुण्याकडून झाली होती, आणि तेव्हा मी त्याच धंद्यात होतो.

आता थेट जायचे की थांबून? इथे कितीतरी गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत: तिकिटांमधला फरक, आई-वडिलांची प्रकृती, त्यांना इंग्रजी बोलण्याचा सराव किती, सामान किती. अंतराचा मुद्दा मात्र बाजूला ठेवा, कारण तो जवळजवळ नाहीच. मुंबई ते दुबई १,९३० किलोमीटर आणि दुबई ते न्यूयॉर्क ११,००० किलोमीटर मिळून १२,९३० होतात. लंडनमार्गे तर १२,७५० च. पूर्वेकडून, सिंगापूरमार्गे जायचे कोणी सुचवले, तर तिथे फरक खरा आहे, कारण नुसता सिंगापूर ते न्यूयॉर्क हा टप्पाच पंधरा हजार किलोमीटरहून मोठा आणि जगातल्या सर्वांत लांब नियमित उड्डाणांपैकी एक आहे. आपल्या तिकिटावरचे जास्तीचे सहा तास रस्त्यात जात नाहीत, ते दुसऱ्या विमानाची वाट पाहण्यात आणि आणखी एकदा चढण्या-उतरण्यात जातात.

त्या सहा तासांना नुसता तोटा समजू नका. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्या माणसाला सलग सोळा तास बसण्यापेक्षा तीन तासांनंतर पाय मोकळे करायला मिळणे बरे वाटते. उलट, ज्याला परक्या विमानतळावर रात्री गेट शोधण्याची धास्ती आहे, त्याने एकदा बसावे आणि थेट मुक्कामी उतरावे. आई-वडील पहिल्यांदाच जात आहेत आणि सोबत तरुण कोणी नाही, हे लक्षात घेता मी माझ्या घरच्यांसाठी थेट विमानच घेतले असते आणि वर पैसे द्यावे लागले तर दिले असते. तो फरक फारच मोठा असेल आणि थांबूनच जायचे ठरले, तर दोन विमानांमध्ये तीन ते चार तास ठेवा. विमान कंपन्या त्याहून कमी वेळाची तिकिटेही विकतात, कारण प्रत्येक विमानतळाचा किमान वेळ ठरलेला असतो आणि तो सर्वसाधारण चालीच्या प्रवाशाला पुरतोही. परंतु पहिले विमान चाळीस मिनिटे उशिरा आले आणि व्हीलचेअर येण्यात आणखी वीस मिनिटे गेली, तर हा हिशेब तिथेच कोसळतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर हवेत. तसे असेल तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय करणे कंपनीचे काम असते. मघाशी सांगितलेल्या त्याच मेहुण्याने एकदा स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे काढली होती, मध्ये पावणेदोन तास. पहिले विमान समोरच्या वाऱ्यामुळे पन्नास मिनिटे उशिरा पोचले, सामान घेऊन पुन्हा जमा करायचे होते, आणि दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तो फक्त वेळेवर न आलेला प्रवासी होता. नवीन तिकिटाची किंमत मी इथे लिहीत नाही, पण वाचलेल्या पैशांच्या ती बऱ्याच पटींनी होती. अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहरात विमान बदलायचे असेल, तर तिथे उतरल्या उतरल्या इमिग्रेशन, मग सामान घेणे, कस्टम्स आणि सामान पुन्हा सोडणे हे सर्व करावे लागते, म्हणून तो पर्याय आपल्यासाठी मी बादच करतो. अबुधाबीमार्गे गेल्यास अमेरिकेचे इमिग्रेशन तिथेच उरकण्याची सोय आहे. ती वापरली तर न्यूयॉर्कला उतरल्यावर ती रांग लागत नाही, मात्र अबुधाबीत त्यासाठी हातात वेळ हवा. आणि जानेवारीत दिल्लीमार्गे सकाळचे जोडविमान घेऊ नका. तिथले धुके आमच्या विभागातल्या सर्वांच्या ओळखीचे आहे.

एडिसनला जायचे आहे म्हणून आणखी एक सुचवतो. न्यूयॉर्क परिसरात जेएफके आणि नेवार्क असे दोन मोठे आंतरराष्ट्रीय विमानतळ आहेत. त्यांच्यात सरळ रेषेत जेमतेम ३३ किलोमीटर असल्यामुळे मुंबईपासूनच्या अंतरात फरक नगण्य आहे, पण नेवार्क न्यू जर्सीतच आहे आणि तिथून एडिसन गाडीने साधारण अर्ध्या-पाऊण तासावर. जेएफकेहून सकाळच्या गर्दीत दीड ते दोन तास धरावे लागतात. त्यामुळे तिकीट शोधताना नेवार्कही अवश्य तपासा, आणि भाडे जवळपास सारखे असेल तर तेच घ्या. इकडच्या बाजूलाही आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, म्हणून कोणत्या विमानतळावरून निघायचे तेही तिकिटावर नीट वाचून घ्या. ठाण्याहून दोघांचे रस्ते वेगळे आहेत.

जेएफकेच्या थेट विमानाचा घरापासून घरापर्यंतचा हिशेब मी असा धरेन. रात्री २ च्या विमानासाठी ठाण्याहून ९ वाजता निघा, म्हणजे साडेदहापर्यंत, वाहतूक कशीही असली तरी, विमानतळावर पोचाल. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी गेटजवळ आणखी एकदा तपासणी होऊ शकते, त्यामुळे तीन तासांहून थोडा जास्त वेळ हाताशी असलेला बरा. हे झाले पाच तास. पुढे विमानाचे सोळा. न्यूयॉर्कला इमिग्रेशन आणि सामान यांना दीड ते दोन तास, आणि गाडीचे तेवढेच. म्हणजे चोवीस ते पंचवीस तास. थांबून जाणाऱ्या तिकिटाला हाच आकडा तिशीच्या पुढे जातो. औषधांच्या वेळा, खाणे आणि झोप यांचे नियोजन विमानाच्या सोळा तासांवरून करू नका, या पंचवीस तासांवरून करा, आणि त्या सगळ्या वेळेची औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. आईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच, किंवा निदान दोन दिवस आधी, नोंदवून ठेवा. इतका वेळ बसून राहण्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. तो माझा विषय नाही.

परतीचे विमान हिवाळ्यात असेल, तर न्यूयॉर्कला पंखांवरचा बर्फ औषध फवारून काढण्यात अर्धा-पाऊण तास जाऊ शकतो. पाठीशी वारा असल्यामुळे त्यातला बराचसा भाग वाटेत भरून निघतो, म्हणून तेव्हा निघण्याची वेळ पाहून घाबरू नका, पोचण्याची अंदाजित वेळ पाहत राहा.

जाण्याच्या रात्री आपण आणि आपली बहीण फोनवर विमानाचा माग काढत बसाल, तेव्हा नकाशावरचे चिन्ह अटलांटिकवर काही वेळ गायब झाले किंवा एकाच जागी अडकलेले दिसले, तर त्यात काळजीचे काही नाही. तिथे खाली जमिनीवर संदेश पकडणारी केंद्रे नसतात. आणि 'लँडेड' असे दिसल्यावर लगेच फोन लावू नका. विमान अजून गेटकडे चाललेले असेल, नंतर इमिग्रेशनच्या रांगेत फोन वापरू देत नाहीत, आणि वडिलांच्या फोनला तिथले नेटवर्क मिळायलाही थोडा वेळ लागेल. बहिणीला सांगा की विमान उतरल्यानंतर सव्वा तासाने पार्किंगमध्ये शिरली तरी ती वेळेच्या आधीच पोचलेली असेल.